शिष्टाईची कॉफी

१

मुफलेहच्या रोजांचा त्रेचाळिसावा दिवस होता. मशिदीतून संध्याकाळची अजान झाली, त्यानं तीन खजूर खाल्ले, वाटीभर मसुराचं सार संपवलं, आणि त्याच्या बायकोनं, नायफानं, नेहमीप्रमाणे कॉफीचं तबक त्याच्यापुढे आणून ठेवलं. तबकात तीन कप होते. बिनकानाचे, चिमुकले. तिन्ही भरलेले.

घरात माणसं दोन होती. मुलगा सालेम, ज्याच्या नावावरून मुफलेहला सगळे अबू सालेम म्हणत, दोहा शहरात नोकरीला, मुली आपापल्या सासरी.

"तिसरा कुणाचा?" मुफलेहनं विचारलं.

"पाहुण्याचा," नायफा म्हणाली आणि मग स्वतःच थबकली. "अगबाई! कुठला पाहुणा?"

"तेच विचारतोय."

"गेला असेल हात सवयीनं. एकतीस वर्षं कचेरीत बसून लोकांच्या चुका काढल्यात ना, अबू सालेम? मग आता घरातल्या कपांना तरी सोडा."

मुफलेह जमीन नोंदणीच्या कचेरीतून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाला होता. जगात न उलगडणारं असं काही नसतं, फक्त फाइल चुकीच्या कपाटात गेलेली असते, अशी त्याची श्रद्धा होती. आणि खरं सांगायचं तर ती त्याच्या धर्मश्रद्धेपेक्षा थोडी जास्तच पक्की होती. त्यानं आपला कप घेतला, नायफानं तिचा घेतला. मग तो नमाजाला उठला. परत येऊन बसला तेव्हा तिसरा कप जागेवरच होता आणि त्यातून वाफ निघत होती.

थंडीचे दिवस, डोंगरावरचं गाव. गारठ्यात वाफ जास्त दिसते, त्यानं स्वतःला सांगितलं. मग चष्मा सारखा करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कॉफी ओतल्याला पंचवीस मिनिटं झाली होती. त्यानं कप उचलला आणि चटकन खाली ठेवला. बोटं पोळली होती.

२

हे रोजे रमजानचे नव्हते. त्याच्या हातून माणूस मेला होता.

ऑक्टोबरात, जैतुनाच्या हंगामात, मुफलेह आपली छोटी मालवाहू गाडी मागे घेत होता. तेलाच्या घाण्यावर न्यायला भरलेली पोती मागे रचली होती. शेजारचा धियाब मागे उभा राहून त्याला रस्ता दाखवत होता. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये धियाब सापडला.

"मला दिसला नाही." मुफलेहनं हे वाक्य पोलिसांना सांगितलं, न्यायाधीशाला सांगितलं, बायकोला सांगितलं. तीन शब्दांचं वाक्य. त्यात खोडायला कुणालाही काही सापडलं नाही. गाडी त्या दिवसापासून अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

मग रीतीप्रमाणे गावातली वडीलधारी मंडळी शिष्टाईला गेली. पुढे हाजी अबू निम्र, नव्वदीला टेकलेले, आणि मागे मान खाली घालून मुफलेह. धियाबला बायकामुलं नव्हती. घरात त्याची म्हातारी आई, उम्म धियाब, आणि बोलायला त्याचा काका. दाराजवळच्या गाद्यांवर मंडळी बसली. काकानं कॉफी ओतून अबू निम्रांच्या हातात दिली. अबू निम्रांनी ती ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवली. आम्ही काही मागायला आलोय, ते मिळेपर्यंत तुमची कॉफी पिणार नाही, असा त्याचा अर्थ. तो तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

"चुकीनं झालं," अबू निम्र म्हणाले. "त्याला दिसला नाही. अल्लाहसाठी सोडून द्या."

बायका पडद्यामागे बसल्या होत्या. तिथून म्हातारीचा आवाज आला. "जे सांगितलंत ते मी माफ केलं. मला काही नको."

"प्या तुमची कॉफी," काका म्हणाला. अबू निम्र प्यायले. सगळे प्यायले. पुरुष एकमेकांच्या खांद्यावर रडले, आणि अर्ध्या तासात विषय पावसावर गेला.

राहिलं होतं प्रायश्चित्त. चुकीनं माणूस मारणाऱ्यानं दोन महिने लागोपाठ रोजे धरायचे. मध्ये एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. मुफलेहनं त्यासाठी हिवाळा निवडला. दिवस लहान असतात.

३

त्रेचाळिसाव्या दिवसानंतर तिसरा कप रोज येऊ लागला. नायफा शपथेवर सांगायची की ती दोनच ठेवते. मग तबक खाली ठेवायची, तिसऱ्या कपाकडे बघायची आणि पुन्हा कप मोजायची. तिसऱ्या दिवसापासून तिनं शपथ घेणंही सोडलं. जणू घरात तिघंच राहत होते.

नुसतं घरात असतं तर मुफलेहनं बायकोला डॉक्टरकडे नेलं असतं. पण सत्तेचाळिसाव्या दिवशी तो पुतण्याच्या साखरपुड्याला गेला. कॉफी ओतणारा पाहुण्यांच्या रांगेतून येत होता. मुफलेहनं छातीवर हात ठेवून रोजा असल्याची खूण केली. ओतणाऱ्यानं मान डोलावली, मुफलेहच्या डाव्या हाताला गादीवर मोकळी जागा होती तिथं वाकला, कप भरला, कुणाच्या तरी हातात द्यावा तसा क्षणभर पुढे धरला, आणि जमिनीवर ठेवून पुढे गेला.

"अरे, तिथं कोण आहे?" मुफलेह म्हणाला.

"हे तुमच्याबरोबर नाहीत का, काका?" ओतणाऱ्यानं विचारलं. मग जागेकडे पाहून डोळे चोळले आणि ओशाळला. "माफ करा. सकाळपासून उभा आहे."

कारण साधं होतं. शेजारी मोकळी जागा होती, म्हणून त्यानं कप ठेवला. पण समारंभात दाटीवाटीनं बसलेल्या ऐंशी माणसांत नेमकी तीच जागा मोकळी का, याचं कारण मुफलेहला सापडेना.

त्या दुपारी घरी आल्यावर तो ताडपत्रीजवळ उभा राहिला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं स्वतःला सगळं नीट आठवू दिलं.

धियाब नकला करायचा. मुफलेहची नक्कल तर त्याची खास. अबू निम्रांच्या बैठकीत, चाळीस माणसांसमोर, नाकात बोलून, "शिक्का कुठंय, शिक्का?" मग कचेरीतल्या रांगेला बोलवावं तसं, "ये... ये... ये..." लोक हसून लोळायचे. नायफाचा भाऊ सगळ्यांत जास्त. असल्या कारणासाठी माणूस फार तर सलाम टाळतो.

त्या दिवशी गाडी मागे घेताना धियाब त्याच नाकातल्या आवाजात ओरडत होता. "ये... ये... ये..." मग आपल्या खऱ्या आवाजात, "बस!" आरशात त्याचा वर केलेला तळवा दिसला. पाचही बोटं. स्वच्छ दिसली. मुफलेहचा पाय ब्रेकवर जायचा होता. जाऊ शकला असता. पायाला वेळ होता.

४

मशिदीचे शेख रातिब मुफलेहचे शाळेपासूनचे सोबती. दुपारच्या नमाजानंतर मशीद रिकामी झाली तेव्हा तो त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे."

"या गावात पापं करतात ते सगळे कुणाचे तरी मित्रच," शेख म्हणाले. "स्वतःसाठी विचारायला आलेला माणूस मला अजून भेटायचाय. बोल."

"समजा एकानं माणूस मारला. जाणूनबुजून. आणि चुकीनं झालं म्हणून सांगितलं. लोकांनी माफ केलं. तो रोजे धरतोय."

शेखांची जपमाळ थांबली. ते त्याच्याकडे पाहत नव्हते. समोरच्या खांबाकडे पाहत होते, एवढं तरी त्यांनी मैत्रीखातर केलं.

"रोजे चुकीसाठी असतात. काही विद्वान म्हणतात, जाणूनबुजून मारणाऱ्यानंही धरावेत. आमच्या पंथाचे म्हणतात, ते पाप रोजांनी भरून निघण्याएवढं लहानच नाही. पण धरूदे. उपाशी राहून कुणाचं वाईट होत नाही."

"आणि माफी?"

"माफी कशाची मागितली होती?"

"चुकीची."

"मग चुकीची मिळाली. केलेल्या गोष्टीची अजून मागितलेलीच नाही. तू एवढी वर्षं कागदं तपासलीस, मुफलेह. एका जमिनीवर अर्ज केला आणि दुसरीवर मालकी सांगितली, तर तू काय करायचास?"

"अर्ज फेटाळायचो."

"त्या खुनात तिघांचे हक्क आहेत. एक अल्लाहचा. मनापासून पश्चात्ताप करणाऱ्याला तो दारातून परत पाठवत नाही. दुसरा वारसांचा. त्यांना खरं सांगायचं. मग ते बदला मागतील किंवा सोडून देतील, मर्जी त्यांची. आणि तिसरा त्या मेलेल्याचा."

"तो कसा फेडायचा?"

"तो तुझ्या... तुझ्या मित्राच्या हातात नाही. मेलेला आपलं मागणं घेऊन कयामतीच्या दिवशी येईल."

"त्याआधी नाही?" मुफलेहनं विचारलं.

आता शेखांनी वळून पाहिलं. "त्याआधी कसा येईल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला सांग, दार उघडं आहे. श्वास घशाशी येईपर्यंत उघडं आहे. पण माणसाला वाटतं, घसा फार लांब आहे."

दोघं उठले. दारापाशी शेखांनी जोड्यांचे दोन जोड सरकवून मुफलेहपुढे ठेवले. एक त्याचा होता. दुसऱ्याला चिखल लागला होता, टाचा चेपलेल्या होत्या. आणि जैतुनाच्या बागेत धियाब नेहमी टाचा चेपूनच जोडे घालायचा. मुफलेहनं डोळे मिटले. उघडले तेव्हा एकच जोड होता, त्याचा.

५

अठ्ठावन्नाव्या दिवशी दुपारी तो उम्म धियाबकडे गेला. म्हातारी उन्हात बसून वाळलेला ओवा चुरत होती.

"ये, मुफलेह. बस. तुझा रोजा, म्हणून कॉफी ठेवत नाही. नाहीतर म्हणशील, म्हातारी माणसाला पाणीसुद्धा विचारत नाही."

"तब्येत कशी आहे, खाला?"

"छाती भरून येते. डॉक्टर म्हणतो, वय झालं. त्यासाठी सहा वर्षं शिकला मेला." तिनं तळवे झटकले. "किती राहिले?"

"दोन."

"धरतोयस खरं नेमानं. मी बघते इथून. संध्याकाळी तुमच्या खिडकीत तुम्ही तिघं बसलेले दिसता."

मुफलेहच्या तोंडाला कोरड पडली. रोजामुळे ती तशीही पडलेली होती.

"खाला," तो म्हणाला.

ती थांबली. हात ओव्यात, नजर त्याच्यावर. तिनं घाई केली नाही. रस्त्यावरून कुणाची तरी शेळी ओरडत गेली.

"खाला, ते... त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते," उम्म धियाब म्हणाली. "तुझ्या गाडीचा मागचा दिवा मला सरळ दिसत होता. माझं पोर 'बस' म्हणालं. दिवा लागला नाही. मी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग लाल दिवा लागला. तोवर सगळं झालं होतं."

"मग तुम्ही कुणालाच..."

"मला कुणी विचारलं? इतके दाढीवाले आले, म्हणाले, दिसला नाही. मी म्हटलं, जे सांगितलंत ते माफ केलं. जे झालं ते माझ्याकडे मागायला अजून कुणी आलेलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, ओवा किती पिकला हे सांगावं तशी ती बोलत होती. "मागितलं तर काय करीन, मलाही ठाऊक नाही. कदाचित म्हणेन, फासावर द्या. कदाचित म्हणेन, जा. पण मागावं तर लागेल, बाळा."

बाळा म्हणाली. चौसष्ट वर्षांचा मुफलेह उन्हात बसून घामाघूम झाला. वाक्य तयार होतं. 'मला दिसला होता.' तीनच शब्द, पहिल्याइतकेच. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला कोर्टाची पायरी दिसली, सालेमचा दोह्यातला चेहरा दिसला, दोर दिसला.

"उद्या येतो, खाला," तो म्हणाला. "थंडी वाढतेय, आत बसा."

"उद्या," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा ओवा चुरू लागली.

६

उद्या तो गेला नाही. आधी रोजे पूर्ण होऊ देत, त्यानं ठरवलं. एक काम पुरं न करता दुसरं हातात घ्यायचं नाही, हा त्याचा कचेरीतला नियम होता. नियमांचा असाही उपयोग असतो.

साठाव्या दिवशी दुपारी बारा वाजता मशिदीच्या भोंग्यातून शेख रातिबांचा आवाज आला. उम्म धियाब अल्लाहला प्यारी झाली होती. पहाटे, झोपेत, छाती भरून.

दुपारनंतरच्या नमाजाला दफन. मुफलेह खांदा द्यायला गेला, आणि जनाज्याखाली त्याच्या बाजूला दुसरं माणूस नव्हतं, तरी ती बाजू झुकली नाही. कबरीपाशी काका रीतीप्रमाणे पुढे आला.

"मयतानं कुणाचं मन दुखवलं असेल, कुणाचं काही राहिलं असेल, तर अल्लाहसाठी माफ करा."

"माफ केलं," सगळे म्हणाले.

"माफ केलं," मुफलेहही म्हणाला. ओठांतून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. शेख रातिब समोरून त्याच्याकडेच पाहत होते. त्यांनी नजर खाली घातली.

तसा काका होता अजून. हक्क आता त्याच्याकडे आला होता. काकाला चार मुलगे होते, चौघांच्या घरात बंदुका होत्या. काकाकडे जायला हवं. या आठवड्यात. म्हातारीच्या चाळिसाव्यापर्यंत तरी.

आणि हे मनात घोळवताना मुफलेहला कळलं की आपण कधीच जाणार नाही. कचेरीत अशी कागदं त्यानं हजारो पाहिली होती. 'विचाराधीन' असा शेरा मारून कपाटात ठेवलेली, आणि पुन्हा कधी निघणार नाहीत हे ठेवणाऱ्यालाही ठाऊक असलेली.

७

नायफा बायकांबरोबर मयताच्या घरी थांबली होती. "किटली चुलीवर आहे," तिनं निरोप धाडला होता, "आज शेवटचा, तुमचं तुम्ही ओतून घ्या."

अजान झाली. मुफलेहनं खजूर तोंडात टाकला. मग स्वयंपाकघरातून स्वतःच्या हातानं एक कप घेतला. एकच. फडताळात बाकीचे पालथे होते, ते मोजले, फडताळ लावलं. तबक बैठकीत आणलं, किटली तिरपी केली, कॉफी ओतली, वर पाहिलं.

दाराजवळच्या गादीसमोर, जिथं काही मागायला आलेली माणसं बसतात, तिथं जमिनीवर दोन कप होते. शेजारी शेजारी. भरलेले. दोन्हींतून वाफ सरळ वर जात होती.

त्यानं ओरडायचं ठरवलं होतं, असं काही घडलं तर. प्रत्यक्षात त्याला फक्त थकवा आला. साठ दिवसांचा थकवा, आणि त्याखाली दुसरा, त्याहून जुना. गादी दोन ठिकाणी दबलेली होती. खोलीत ओव्याचा वास होता.

त्याच्या बापाच्या, आज्याच्या बैठकीत हेच घडत आलं होतं. पाहुण्यानं कप खाली ठेवला की यजमानानं फार ताणायचं नसतं. थोर यजमान तर मागणं ऐकूनही घेत नाही. आधीच देऊन टाकतो. आणि दिलेला शब्द मागे घेत नाही.

"प्या तुमची कॉफी," मुफलेह म्हणाला. "जे हवं ते दिलं."

म्हणताना त्यानं मान खिडकीकडे वळवली होती. पाठीमागे कप उचलल्याचा आवाज झाला नाही. ठेवल्याचा झाला. एक. मग दुसरा. आता पुरे, अशी खूण करताना पाहुणा रिकामा कप बोटांत हलवतो, तशी बारीक किणकिण.

तो वळला. दोन्ही कप कोरडे होते. तळाशी गाळसुद्धा नव्हता. गादी हळूहळू वर येत होती.

आणि तेव्हा मुफलेहच्या लक्षात आलं, की त्यांनी काय मागितलं होतं, ते त्यानं विचारलंच नाही.

अंगणात ताडपत्री सळसळली. दोन-तीन प्रयत्नांनी इंजिन सुरू झालं. तीन महिने बंद असलेल्या गाडीला लागतं तसं, खाकरत. मग भिंतीच्या बाजूनं हाक आली. नाकातल्या आवाजात. मुफलेहच्याच आवाजात.

"ये... ये... ये..."

मुफलेह उठला. दिलेला शब्द होता. जोडे घालताना त्यानं पाहिलं की त्याच्या जोड्यांच्या टाचा चेपलेल्या आहेत.

बाहेर अजून थोडा उजेड होता. ताडपत्री जमिनीवर पडली होती. गाडीच्या आत कोण आहे ते दिसत नव्हतं; फक्त बाजूच्या आरशात दोन डोळे दिसत होते, चष्म्यातले, आणि तोच चष्मा मुफलेहच्या नाकावरही होता. तो जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला, जिथं उभं राहायचं होतं तिथं.

"मला दिसला होता," तो म्हणाला. अखेर म्हणाला. मोठ्यानं, पहिल्यांदा. "खाला, मला दिसला होता." पण श्वास आता घशाशी आला होता, आणि शेजारच्या गच्चीवर आज कपडे वाळत नव्हते.

गाडी मागे येऊ लागली.

त्यानं तळवा वर केला. पाचही बोटं. "बस!"

मग तो मागच्या लाल दिव्याकडे पाहत राहिला. त्यानं एक श्वास घेतला. दुसरा घेतला.

दिवा लागला नाही.